फायरप्लेसची जाळी वेगळी, बाळाचं फाटक वेगळं

न्यू जर्सीतल्या या घरात आमची पहिली थंडी सुरू झाली तेव्हा मुलगा दहा महिन्यांचा होता. फायरप्लेसपुढे काळ्या लोखंडी जाळीचा तीन पाखांचा पडदा उभा होता, घराबरोबरच आलेला. जाळी आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एका सकाळी तो रांगत तिथे गेला, जाळीत बोटं अडकवली आणि तिला धरून उभा राहू लागला. जाळी सरळ त्याच्या अंगावर कलली. मी दोन पावलांवर होते म्हणून झेलली. आग पेटलेली नव्हती, हे नशीब.

घोळ शब्दातच आहे. ठिणगी अडवणारा पडदा असो की बाळाला अडवणारं फाटक, आपण मराठीत दोन्हींना जाळीच म्हणतो, आणि इथेही बोलताना सगळ्यालाच ‘गार्ड’ म्हणून मोकळे होतात. ब्रिटनमध्ये मात्र दोन नावं आहेत, ठिणगीसाठी स्पार्क गार्ड आणि मुलांना लांब ठेवायला फायरगार्ड, आणि त्यांची ब्रिटिश मानकंही वेगळी: बीएस ३२४८ आणि बीएस ८४२३. तिथे हा प्रश्न किती जुना आहे बघा. १९०८ च्या कायद्यातच लिहिलं होतं, की उघड्या शेगडीला पुरेशी आड न लावता सात वर्षांखालच्या मुलाला त्या खोलीत राहू दिलं आणि ते दगावलं किंवा गंभीर भाजलं, तर पालकाला दंड. १९५२ मध्ये ही वयोमर्यादा १२ वर्षांवर नेली.

जाळीचं काम एकच. लाकूड तडतडलं की उडणारी ठिणगी, घरंगळलेला निखारा गालिच्यावर येऊ द्यायचा नाही. म्हणून तिची भोकं बारीक असतात आणि ती आगीला अगदी लागून उभी राहते. लाकडं सारखी घालावी लागतात, राख ओढावी लागते, म्हणून ती एका हाताने बाजूला करता यावी अशीच बनवलेली असते. आगीजवळ असल्याने ती स्वतःही चटका बसेल इतकी तापते. थोडक्यात, ती खोली वाचवते. बाळ तिच्या हिशेबातच नाही.

फाटकाचं सगळं उलट. ते सहज हलता कामा नये. ते भिंतीला पक्कं हवं, आगीपासून लांब हवं, आणि मोठ्या माणसाला एका हाताने उघडलं तरी लहानाला उघडता येऊ नये अशी कडी हवी. गजांमधून ठिणगी आरपार जाते, ती अडवणं त्याचं काम नाही. त्यामुळे लाकडाची आग असेल तर दोन्ही लागतात.

गॅसच्या फायरप्लेसची गोष्ट मात्र निराळी आहे आणि मला जास्त भीती तिचीच वाटते. ज्वाळेपुढे बंद काच, ठिणगी नाही, धूर नाही, म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. ती काच २०० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते, आणि ज्वाळा बंद केल्यावरही निवायला तासभर लागू शकतो. चुलीत निखारा दिसतो, धग लागते, मूल थबकतं. विझलेली काच मात्र टीव्हीसारखी दिसते. नुकतं उभं राहू लागलेलं बाळ दोन्ही तळवे टेकून तिच्यावर भार टाकतं आणि चटका बसला तरी तोल सावरून हात पटकन मागे घेऊ शकत नाही. तळहाताची जखम भरताना कातडी आक्रसते आणि बोटं आखडू शकतात. अमेरिकेतल्या मानकांनुसार १ जानेवारी २०१५ नंतर बनलेल्या, ७८ अंशांच्या वर काच तापणाऱ्या गॅस फायरप्लेससोबत काचेपुढची जाळी यावी लागते. जुन्या घरांत ती नसते. असली तरी तीही तापते. तिने फाटकाची गरज संपत नाही.

आम्ही फाटक घरीच केलं. आगीपासून तीन फुटांत मूल येऊ द्यायचं नाही, असा इथे सल्ला देतात. ते माप आम्ही जमिनीवर मास्किंग टेप चिकटवून आखलं, तेव्हा कळलं की हॉलचा केवढा तुकडा जाणार. तरीही अंतर कमी केलं नाही, कारण फाटक लाकडाचं होतं आणि लाकूड आगीजवळ नेणं म्हणजे सरपणच. पीव्हीसी पाइपची फाटकंही बरेच जण करतात. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून मला ती नकोच वाटतात. गज उभेच लावले. आडव्या पट्ट्या म्हणजे चढायला शिडी. दोन गजांमध्ये सव्वादोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवली नाही. पाळण्याच्या गजांसाठी इथे जवळपास हाच नियम आहे.

सगळ्यात जास्त वेळ भिंतीवर गेला. इथल्या भिंती आतून पोकळ, वर प्लास्टरबोर्ड. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू दोन धक्क्यांत निघून येतो. आतला लाकडी खांब, ज्याला स्टड म्हणतात, तो बहुधा १६ इंचांच्या अंतराने असतो. तो शोधून त्यातच स्क्रू आवळायचा. विटांची भिंत असेल तर तिथे विटांसाठीचे अँकर. स्प्रिंगने दाबून बसवायचं, भोक न पाडता लागणारं फाटक इथे लावूच नका, त्याला दोन्ही बाजूंना समोरासमोर भिंत लागते आणि ते ढकललं की सरकतं. बसवून झाल्यावर नवऱ्याने वरची पट्टी धरून सगळं अंग टाकून ओढलं. एक बिजागरी करकरली. ती काढून लांब स्क्रूने परत बसवली.

फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत खेळणी, वर्तमानपत्रं, वाळत घातलेली दुपटी ठेवायची नाहीत. जागा रिकामी दिसते, म्हणून मोह होतो.

मार्चमध्ये सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. सामान उघडायच्या आधी त्यांना कडी उघडून-लावून दाखवली आणि विझलेल्या काचेचं सांगितलं. भाजलंच तर हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही, नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा आणि लगेच दवाखान्यात न्यायचं, हेही सांगितलं. त्यांनी कडी स्वतः चार वेळा लावून बघितली. गॅसच्या व्हॉल्व्हची किल्ली तेव्हापासून देवघराच्या वरच्या फळीवर असते.