लिमिट होल्डेम : डावपेचांचा अभ्यास आणि नो-लिमिटशी तुलना

लिमिट होल्डेम हा टेक्सास होल्डेम पोकरचा ठरावीक रकमेच्या बेटचा, म्हणजे डावावर लावायच्या चिप्सचा, प्रकार आहे. पानांच्या बाबतीत तो रकमेचे बंधन नसलेल्या नो-लिमिट प्रकारापेक्षा तसूभरही वेगळा नाही. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि मध्ये फ्लॉपची तीन, टर्नचे एक व रिव्हरचे एक अशी पाच सामाईक पाने उघडतात. फरक आहे तो एका वेळी किती लावता येते एवढाच. पण या एका नियमामुळे खेळाडूने काय शिकायचे, कशावर वेळ घालवायचा आणि कोणती सवय अंगी बाणवायची, हे सगळेच बदलते.

लिमिटमध्ये फ्लॉपपर्यंतच्या दोन फेऱ्यांत छोटी बेट आणि टर्न-रिव्हरला तिच्या दुप्पट, म्हणजे मोठी बेट चालते. एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेझ (बेट वाढवणे) एवढीच मुभा असते. नो-लिमिटमध्ये पाळी आली की समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावता येतात. १९८० आणि ९०च्या दशकांत अमेरिकेतील कार्डरूममध्ये लिमिटच अधिक खेळले जाई. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, त्यानंतर ऑनलाइन आणि टीव्हीवरच्या पोकरची लाट आली, आणि ती नो-लिमिटची होती. आज नवा खेळाडू बहुधा नो-लिमिटपासूनच सुरुवात करतो. लिमिटकडे तो आलटून-पालटून अनेक पोकर प्रकार खेळायच्या मिश्र खेळांच्या वाटेने किंवा निव्वळ कुतूहलाने वळतो.

दोन्ही खेळांतले अंतर एका उदाहरणाने नीट दिसते. छोटी बेट २ आणि मोठी ४ चिप्सची आहे. टर्न उघडल्यावर पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या ढिगात, २४ चिप्स आहेत. आपल्या हातात बदामाची दोन पाने, मध्ये आणखी दोन बदाम, म्हणजे एकाच प्रकारच्या पाच पानांच्या फ्लशला एक पान कमी. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरले आहेत, तेव्हा रिव्हरला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९.६ टक्के. लिमिटमध्ये प्रतिस्पर्धी फार तर ४ लावू शकतो. २८ जिंकण्यासाठी ४ घालायचे, म्हणजे १२.५ टक्के शक्यता असली तरी कॉल, म्हणजे तेवढेच लावून डावात राहणे, फिटतो. इथे पाने टाकून देणे ही सरळ चूक आहे. नो-लिमिटमध्ये तोच प्रतिस्पर्धी पॉटएवढे, म्हणजे २४ लावतो. आता ४८ साठी २४ मोजायचे आहेत आणि त्याला ३३.३ टक्के लागतात. तेच पान, तीच शक्यता, पण निर्णय उलटा. कॉल करायचाच असेल, तर बदाम आल्यावर रिव्हरला सरासरी आणखी ५१ चिप्स तरी निघतील अशी खात्री हवी. म्हणजेच प्रतिस्पर्ध्यासमोर किती चिप्स उरल्या आहेत आणि तो त्या सोडणाऱ्यांपैकी आहे का, हे आधी पाहावे लागते.

लिमिटमध्ये किंमत ठरलेली असते आणि पॉट त्या मानाने मोठा. त्यामुळे अभ्यासाचा भर शक्यता पाठ करण्यावर, बारीक फायदा ओळखण्यावर आणि तो दरवेळी न चुकता घेण्यावर असतो. नो-लिमिटमध्ये किंमत प्रतिस्पर्धी ठरवतो, म्हणून तिथे बेटचा आकार आणि स्टॅकची, म्हणजे समोरच्या चिप्सच्या ढिगाची, खोली हेच अभ्यासाचे मुख्य विषय होतात.

सुरुवातीच्या पानांची पारखही यातूनच बदलते. एक्का-गुलाम किंवा राजा-राणी ही पाने लिमिटमध्ये भक्कम, कारण वरच्या जोडीने (मधल्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेल्या जोडीने) टप्प्याटप्प्याने बेट लावत राहिले तरी जोखीम मर्यादित राहते. नो-लिमिटमध्ये याच वरच्या जोडीवर संपूर्ण स्टॅक गमावण्याचा धोका असतो. उलट पंजीच्या जोडीसारखी छोटी जोडी नो-लिमिटमध्ये उजळते. फ्लॉपला तिची तिकडी सुमारे साडेआठ वेळांतून एकदाच जुळते, पण जुळली की प्रतिस्पर्ध्याचा सारा ढीग मिळू शकतो. लिमिटमध्ये तो ढीग हाती लागत नाही, म्हणून छोट्या जोडीला डावात बरेच जण असावे लागतात.

नो-लिमिटमधून आलेल्या खेळाडूला सर्वांत महाग पडते ते रिव्हरला पाने टाकणे. २४ च्या पॉटवर ४ ची बेट आली, तर आठ वेळांतून एकदा जरी आपली पाने सरस ठरली तरी कॉल तोट्याचा नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर कमजोर पानांवर ब्लफ करणाऱ्याला सातातून एकदा यश आले तरी त्याचे भागते. म्हणून बचाव करणाऱ्याला बऱ्याच कमजोर पानांवरही कॉल करावा लागतो. वाचलेली एक बेट डोळ्यांना दिसते, गमावलेला पॉट दिसत नाही, कारण समोरची पाने झाकलेलीच राहतात. लिमिट शिकणाऱ्याने सर्वांत जास्त सराव याच निर्णयाचा करावा. लिमिटहून नो-लिमिटकडे जाणाऱ्याची चूक नेमकी उलटी असते. कॉलची सवय हाताला लागलेली असते आणि तो पॉटएवढ्या बेटही त्याच सहजतेने झेलू लागतो.

काही डावपेच फक्त लिमिटमध्येच खरे फुलतात. त्यांतला सर्वांत देखणा म्हणजे फुकटचे पान. फ्लॉपला आपली पाळी शेवटी आहे, हातात अपुरा फ्लश आहे आणि प्रतिस्पर्धी २ लावतो. कॉलऐवजी आपण ४ चा रेझ करतो. तो दबकून टर्नला चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी सोडतो; बदाम आला नसेल तर आपणही चेक करतो. एकूण खर्च ४. नुसते कॉल करत गेलो असतो, तर फ्लॉपला २ आणि टर्नला ४ असे ६ गेले असते. बदाम आला, तर बेट लावायला आपण मोकळेच असतो. बेट टर्नला दुप्पट होते, म्हणून हे गणित जमते. नो-लिमिटमध्ये हाच रेझ केला आणि समोरून मोठा उलटा रेझ आला, तर पान न पाहताच बाहेर पडावे लागते.

लिमिटच्या अभ्यासाला संगणकाने मोठा हात दिला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले, की दोघांतले लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटले आहे, म्हणजे त्यातला सर्वोत्तम खेळ सापडला आहे. त्यांचा सेफियस हा संगणक प्रोग्राम परिपूर्ण खेळाच्या इतका जवळ पोचला, की रोज १२ तास, तासाला २०० डाव या वेगाने ७० वर्षे खेळूनही त्यातली त्रुटी माणसाला खात्रीने दाखवता येणार नाही. त्याच्या खेळात शिकण्यासारखे बरेच आहे. डीलरच्या जागेवरून तो नुसता कॉल करून डावात जवळजवळ कधीच उतरत नाही, आणि दोन एक्के हातात असले तरी पहिल्या फेरीतला शेवटचा रेझ क्वचितच करतो. नो-लिमिट त्या अर्थाने सुटलेले नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, पण बेटच्या आकारांची संख्याच एवढी प्रचंड आहे, की तिथे अजून अंदाजी उत्तरांवरच भागवावे लागते. दोघांपेक्षा जास्त खेळाडू असले, की लिमिटमध्येही अंतिम उत्तर उपलब्ध नाही.

आधी कोणते शिकावे? नो-लिमिटच खेळायचे असेल, तर लिमिटचा फेरा आवश्यक नाही. पण हिशोबाची शिस्त लावायची असेल, तर लिमिट अधिक चांगली शाळा आहे. यात डाव वारंवार टर्न आणि रिव्हरपर्यंत जातो, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांचा सराव भरपूर मिळतो आणि एका चुकीने सारा स्टॅक जात नाही.

मात्र निकालावरून आपली प्रगती जोखणे लिमिटमध्ये फार अवघड असते. १०० डावांमागे एक मोठी बेट जिंकणे ही चांगली कमाई, पण तेवढ्याच डावांत १५-१६ मोठ्या बेटचा चढउतार सहज होतो. १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा १०० मोठ्या बेट आणि चढउतार १५०-१६० चा. म्हणजे उत्तम खेळणाराही तेव्हा तोट्यात असू शकतो. म्हणूनच ३०० मोठ्या बेटएवढी शिल्लक बाजूला ठेवून खेळण्याचा सल्ला दिला जातो. उजळणी करताना डाव जिंकला की हरला हे न पाहता रिव्हरचा प्रत्येक निर्णय पॉटच्या आकारासकट लिहून ठेवतात, आणि कॉलला किती टक्के लागत होते हे नंतर ताडून पाहतात.