फ्रँकलिनची बंबलबी व पश्चिमी बंबलबी

बंबलबी म्हणजे मधमाशीच्या कुळातील, अंगावर दाट लव असलेली माशी. या दोन उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील, बॉम्बस प्रजातीच्या निकट जाती. शास्त्रीय नावे अनुक्रमे बॉम्बस फ्रँकलिनाय आणि बॉम्बस ऑक्सिडेंटॅलिस. मराठीत बंबलबीला सर्रास भुंगा म्हणतात. पण आपल्याकडे घराच्या वाशाला भोक पाडून राहणारा काळा भुंगा वेगळा. खऱ्या बंबलबी भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात.

दोघींचाही चेहरा काळा असतो. फ्रँकलिनच्या बंबलबीच्या डोक्यावर पिवळी लव असते आणि छातीवरचा पिवळा रंग पंखांच्या बुंध्यामागे उतरून मधल्या काळ्या डागाला उलट्या यू आकारात वेढतो. पश्चिमी बंबलबीच्या छातीवर बहुधा पुढे पिवळा पट्टा असतो आणि पोटाचे टोक पांढरे. तिचे रंग प्रदेशानुसार बदलतात, त्यामुळे उडत्या माशीवरून जाती ठरवू नये.

खरा फरक प्रदेशाचा. फ्रँकलिनची बंबलबी दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातील सुमारे ३०० किमी. लांब व ११० किमी. रुंद पट्ट्यातच सापडत असे. पश्चिमी बंबलबी मात्र पश्चिम कॅनडापासून कॅलिफोर्निया, कोलोरॅडोपर्यंत पसरलेली, एके काळी अगदी नेहमीची.

टोमॅटोचे फूल सहजी पराग देत नाही. बंबलबी ते जबड्यात धरून उडण्याचे स्नायू थरथरवते, तेव्हा पराग झडतो. याच कामासाठी हरितगृहांकरिता पश्चिमी बंबलबीची व्यापारी पैदास होऊ लागली. १९९७ च्या सुमारास तिच्या पाळीव वसाहतींत नोसेमा बॉम्बाय या परजीवीची साथ पसरली आणि ही पैदास बंद पडली. रानातल्या माश्यांनाही तिथूनच लागण झाली, असा कीटकशास्त्रज्ञ रॉबिन थॉर्प यांचा तर्क होता. हा परजीवी अमेरिकेत त्याआधीही होता, असे पुढे जुन्या नमुन्यांवरून दिसले; मात्र नव्वदच्या दशकात त्याचे प्रमाण वाढले होते. तर्क पटण्याजोगा आहे, सिद्ध झालेला नाही.

पश्चिमी बंबलबी किनाऱ्याकडील सखल भागांतून जवळजवळ नाहीशी झाली, तरी उंच डोंगरांत टिकून आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातील जातींच्या यादीत ती ‘असुरक्षित’ आहे. फ्रँकलिनच्या बंबलबीला डोंगरांचा असा आडोसाही पुरला नाही. थॉर्प यांना १९९८ मध्ये तिच्या ९४ माश्या दिसल्या, २००३ मध्ये ३. मग ऑगस्ट २००६ मध्ये ओरेगॉनमधील माउंट ॲशलंड या डोंगरावर एकच. त्यानंतर ती खात्रीने कोणालाही दिसलेली नाही. आययूसीएनने तिला २००८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती कायद्याचे संरक्षण तिला २०२१ मध्ये मिळाले, तेव्हा शेवटची माशी दिसून १५ वर्षे झाली होती.