घरातील रेडॉन आणि फुफ्फुसाचा कर्करोग : जोखीम-अंदाजातील अनिश्चितता

घरात साठणाऱ्या रेडॉन वायूमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाची शक्यता किती वाढते, हे आकड्यांत मांडताना उरणारी संदिग्धता. रेडॉनमुळे हा कर्करोग होतो याबद्दल वाद नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. वाद आहे तो ‘किती’ याचा, आणि तो आकडा गोव्यातील घरांना कितपत लागू पडतो याचा.

रेडॉन-२२२ हा युरेनियमच्या क्षयमालिकेतील रेडियमपासून निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचे, म्हणजे मातीतून वर येऊन जमिनीच्या भेगांतून घरात शिरायला पुरेसे. इजा मुख्यतः त्याच्या क्षयातून होणारे पोलोनियमचे अणू करतात. ते श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि अल्फा कण सोडतात.

जोखमीचे पहिले भरवशाचे आकडे भूमिगत खाणींतल्या कामगारांकडून मिळाले (गोव्यातल्या डिचोली-सांगे पट्ट्यातील उघड्या लोहखाणींशी त्यांची गल्लत नको). तिथली मात्रा घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त, शिवाय धूळ आणि विडी-सिगारेट वेगळीच. त्यावरून सरळ रेषा खाली ओढून घरांचा हिशेब केला की काय होते, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९९ च्या अहवालात दिसते. त्या देशातील वार्षिक मृत्यू एका प्रतिमानाने १५,४०० तर दुसऱ्याने २१,८०० आले, आणि अनिश्चिततेचा पट्टा ३,००० ते ३३,००० पर्यंत पसरला.

पुढे थेट घरांवरच अभ्यास झाले. युरोपातील १३ अभ्यास एकत्र करून ७,१४८ रुग्णांची माहिती २००५ मध्ये तपासली गेली. दर घनमीटरमागे १०० बेकरेल (सेकंदाला एक अणुक्षय म्हणजे एक बेकरेल) रेडॉन वाढला की जोखीम ८.४ टक्क्यांनी वाढते, असे निघाले. पण विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची बरीच खात्री आहे तो पट्टा, ३ ते १५.८ टक्के. मापनातील चुकांची दुरुस्ती केल्यावर हाच आकडा १६ वर गेला, अंतराल ५ ते ३१. मोजणी ढिसाळ असली की परिणाम फुगतो, असे अनेकांना वाटते. इथे उलटे झाले: मात्रेच्या यादृच्छिक चुकांनी खरा संबंध पुसट केला होता. म्हणून अनिश्चितता दाखवून ‘धोकाच नाही’ म्हणणे टिकत नाही.

जोखीम-वाढीचे हे गुणक गोव्याला लावायचे तर अडचण गुणकात कमी आणि घरात जास्त आहे. ते बहुतांशी थंड हवेतील, हिवाळ्यात बंद राहणाऱ्या घरांवरून आले आहेत. चिऱ्यांच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि कौलांच्या फटींतून वाहती हवा असलेले केप्यातले जुने घर एकीकडे, पणजीतला वातानुकूलित फ्लॅट दुसरीकडे. वरच्या मजल्यावर जमिनीतला वायू कमी पोचतो, पण बंद खिडक्या आहे तेवढा कोंडून ठेवतात. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात. भिजलेल्या अंगणातून वायू बाहेर पडणे घटते, तर घराखालच्या कोरड्या मातीतून त्याला वाट मिळू शकते. एका हंगामाच्या मोजणीवरून वर्षाची सरासरी काढणे त्यामुळे धाडसाचे ठरते.

मोजणी होते ती बहुधा प्लास्टिकच्या लहान डबीने. आतल्या फिल्मवर अल्फा कण सूक्ष्म खुणा करतात. सुमारे ३ महिन्यांनी ती फिल्म कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून खुणा ठळक करतात आणि मोजतात. डबी मातीच्या भिंतीला चिकटून टांगली तर थोरियमपासून येणारा थोरॉनही (रेडॉनचाच दुसरा प्रकार) आत जातो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५५ सेकंद, त्यामुळे तो भिंतीपासून फार दूर पोचत नाही. पण दोन्ही वेगळे न करणाऱ्या उपकरणात रेडॉनचा आकडा फुगवतो.

सर्वांत मोठे छिद्र मात्र माणसाच्या इतिहासात आहे. कर्करोगाआधीची २५-३० वर्षांची मात्रा हवी असते. त्या काळात माणूस मुंबईला, आखातात किंवा बोटीवर असेल, घराला कुलूप असेल आणि परतल्यावर सारवणाच्या जागी टाइल्स आल्या असतील, तर आजची डबी त्याने श्वासात घेतलेला रेडॉन सांगत नाही. चुलीचा धूर आणि तंबाखू यांचा हिशेब वेगळा. शिवाय २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या राज्यात युरोपाएवढे रुग्ण जमायला अनेक दशके लागतील.

टक्केवारी कुणाला लागू होते, हेही महत्त्वाचे. युरोपीय अभ्यासानुसार, इतर कारणांनी मृत्यू न आल्यास, कधीच धूम्रपान न केलेल्याची ७५ वर्षांपर्यंतची जोखीम शून्य रेडॉनला ०.४ टक्के, ४०० बेकरेलला ०.७ टक्के, सिगारेट ओढत राहणाऱ्याची सुमारे १० वरून १६ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घनमीटरमागे १०० बेकरेल ही संदर्भपातळी (जिच्या वर गेल्यास उपाय करावेत अशी पातळी) सुचवली आणि ती गाठणे शक्य नसेल तिथे ३०० ची कमाल मर्यादा ठेवली. या पातळ्या व्यवहार पाहून ठरवलेल्या आहेत. १०० च्या खाली जोखीम शून्य होते, असा त्यांचा अर्थ नाही.