पेशीसंकेतमार्ग : भ्रूणविकास, मूलपेशी आणि आजार

पेशीबाहेर आलेला निरोप तिच्या केंद्रकापर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीला पेशीसंकेतमार्ग म्हणतात. निरोप घेऊन येणारा रेणू बहुधा दुसऱ्या पेशीने सोडलेला असतो. तो पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटतो, ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि आतली प्रथिने एकामागून एक जागी होतात. शेवटी काही जनुके चालू होतात, काही बंद. भ्रूण घडवण्याचे बहुतांश काम मोजकेच मार्ग पुन्हापुन्हा वापरून होते : हेजहॉग, विंट, नॉच, टीजीएफ-बीटा आणि त्याच्याच कुळातला बीएमपी, वाढघटकांचा रास मार्ग आणि जॅक-स्टॅट.

एवढ्या थोड्या निरोपांवर हृदयापासून नखापर्यंत सगळे कसे भागते, हे घरातल्या कुकरवरून लक्षात येईल. तिसरी शिट्टी झाली की ओट्यापाशी असलेला माणूस गॅस बंद करतो, अभ्यासाला बसलेले पोरगे वही मिटते आणि देवघरातली आजी नैवेद्याची वाटी घ्यायला उठते. शिट्टी एकच, अर्थ ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. पेशीचेही असेच आहे. तिने आजवर कोणती जनुके उघडी ठेवली आणि कोणती मिटली, यावर आलेल्या निरोपाचा अर्थ ठरतो. म्हणून एकच मार्ग एका अवयवात वाढ करवतो आणि दुसऱ्यात वाढ थांबवतो. पुढची सगळी उदाहरणे या एका गोष्टीभोवती फिरतात.

निरोप आत कसा जातो

टीजीएफ-बीटाचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ आहे. रेणू चिकटताच दोन प्रकारचे ग्राही एकत्र येतात, एक दुसऱ्यावर फॉस्फेट चढवतो, दुसरा ते स्मॅड नावाच्या प्रथिनांवर चढवतो आणि स्मॅड जोडीदार घेऊन केंद्रकात शिरतात. विंटचा कारभार उलटा आहे. पेशी बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सतत बनवत असते आणि त्याच वेळी प्रथिनांची एक टोळी ते सतत मोडत असते. विंटचा निरोप आला की टोळीचे काम थांबते, बीटा-कॅटेनिन साचते आणि केंद्रकात जाते. बनवायचे आणि लगेच मोडायचे, हा धंदा तोट्याचा वाटतो. पण साठा तयार करत बसावे लागत नसल्याने पेशी चटकन प्रतिसाद देऊ शकते. एपीसी हे प्रथिन याच टोळीतले. ते बिघडले की निरोप नसतानाही बीटा-कॅटेनिन साचत राहते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात इथून होते.

माशीने दिलेली नावे

या मार्गांची नावे विचित्र आहेत, कारण ती फळमाशीच्या व्यंगांवरून पडली. पिकलेल्या केळीवर घोंघावणारी हीच ती बारीक माशी. पंखाच्या कडेला खाच असलेल्या माशीवरून नॉच हे नाव १९१०च्या दशकात रूढ झाले. क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांनी माशीच्या अळीची घडण बिघडवणारी जनुके शोधून काढली आणि १९८० मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. एका बिघाडात अळीच्या अंगभर काटे दिसत, म्हणून तिला हेजहॉग म्हटले. हेजहॉग आपल्या सायाळीच्या कुळातला नाही, वळण मात्र तेच. या कामाला १९९५चे नोबेल मिळाले. पुढे कणाधारी प्राण्यांत सापडलेल्या एका हेजहॉग जनुकाला व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून सॉनिक हे नाव दिले गेले. ‘तुमच्या बाळाच्या सॉनिक हेजहॉगमध्ये दोष आहे’ हे आईबापांना सांगायची वेळ ज्या डॉक्टरवर येते, त्याला हा विनोद फारसा आवडत नसणार.

विंटच्या नावात अर्धा वाटा दिल्लीचा आहे, आणि ते वर्गात क्वचितच सांगितले जाते. भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी पंख नसलेल्या माशीची नोंद १९७३ मध्ये केली, आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. उत्परिवर्तनाचे नाव विंगलेस. तिकडे १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांना उंदराच्या स्तनातील गाठींमध्ये इंट-१ हे जनुक सापडले. पाच वर्षांनी दोन्ही जनुके एकाच घराण्यातली निघाली आणि दोन्ही नावे जोडून विंट झाले. माशीत पंख उगवण्यासाठी लागणारे जनुक उंदरात नको त्या जागी चालू झाले की गाठ होते, हे त्या जोडनावातच आले आहे.

हाताची बोटे

गर्भात हात आधी चपट्या कळीसारखा असतो. करंगळीच्या बाजूच्या काठावरील पेशी सॉनिक हेजहॉग सोडतात. काठाजवळ तो दाट आणि दूर विरळ असतो, आणि कोणत्या पेशीला तो किती व किती वेळ मिळाला त्यावरून बोटांची ओळख ठरते. अंगठा त्याच्याशिवायही बनतो. सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी १९६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील पंखाच्या कळीचा हा काठ कापून समोरच्या बाजूला लावला, तेव्हा आरशातल्यासारखी बोटांची दुहेरी रांग उगवली. त्यामागचा रेणू सॉनिक हेजहॉग आहे, हे १९९३ मध्ये कळले. काही मुलांना अंगठ्याशेजारी जास्तीचे बोट असते, तेव्हा कधीकधी दोष जनुकात नसतोच. जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या, हाताच्या कळीत ते जनुक चालू करणाऱ्या बटणात असतो.

बोटांमधली कातडी नाहीशी करण्याचे काम बीएमपीचे. तो निरोप मिळालेल्या पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात ग्रेम्लिन नावाचे प्रथिन हा निरोप अडवते, म्हणून पडदा शिल्लक राहतो. गंमत अशी की बीएमपी या नावाचा मूळ अर्थ हाड घडवणारे प्रथिन असा आहे. हाडाच्या जागी घडवतो, बोटांच्या मधल्या जागेत मारतो.

हेजहॉग बंद पडल्यास काय होते, ते अमेरिकेतील आयडाहोच्या मेंढपाळांनी १९५०च्या दशकात पाहिले. गाभण मेंढ्यांनी ठरावीक दिवसांत, विशेषतः चौदाव्या दिवशी, एक रानवनस्पती खाल्ली की कोकरे एकाच डोळ्याची जन्मत. तिच्यातल्या द्रव्याला सायक्लोपामाइन नाव मिळाले. त्वचेच्या एका कर्करोगात हेजहॉग मार्ग चालूच राहतो, हे कळल्यावर त्याच जागी घाव घालणारे विस्मोडेगिब हे औषध आले. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. साहजिकच ते गरोदरपणात वर्ज्य आहे.

मूलपेशी

मूलपेशी स्वतःची नक्कलही करते आणि कामाच्या पेशीही देते. दोन्हींतला तोल शेजारून येणारे निरोप राखतात. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. अस्तराच्या खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींना विंटचा निरोप मिळत राहतो म्हणून त्या मूलपेशी राहतात, आणि वर सरकून निरोपाच्या टप्प्याबाहेर गेलेली लेक कामाची पेशी होते. याच जाणिवेवर २००९ मध्ये एकट्या मूलपेशीपासून बशीत चिमुकले आतडे वाढवता आले.

विदर्भात हा विषय रक्ताशी येऊन भिडतो. इथल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत त्याचे रुग्ण आसपासच्या जिल्ह्यांतून येतात. मूळ दोष संकेतमार्गाचा नाही, हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा आहे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसच. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडते. हाडांतल्या मज्जेतील पेशींवर तो रेणू बसला की जॅक-२ आणि मग स्टॅट-५ जागे होतात आणि नव्या लाल पेशी बनतात. सिकलच्या रुग्णाची मज्जा अशी वर्षानुवर्षे जादा पाळीत राबते. त्याउलट जॅक-२ मध्येच एक ठरावीक बदल झाला, तर कुणी हाक न मारताही मज्जा लाल पेशी काढत सुटते आणि रक्त घट्ट होते. हा बदल २००५ मध्ये कळला. दोन्ही आजारांत हायड्रॉक्सियुरिया ही गोळी दिली जाते, पण एकीकडे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढावे म्हणून आणि दुसरीकडे पेशींची पैदास आटोक्यात यावी म्हणून.

मूलपेशींच्या नावाने गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सर्व काही बरे करण्याच्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे रक्तमूलपेशी प्रत्यारोपण तेवढे मान्य उपचार. बाकी सारे संशोधन, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पेशीला कोणता निरोप कधी द्यायचा हे न ठरवता ती नुसती टोचणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे.

उलटा अर्थ

एफजीएफआर-३ या ग्राहीचा बिघाड पाहण्यासारखा आहे. तो अति चालू राहिला तर लांब हाडांची वाढ खुंटते आणि एक प्रकारचे बुटकेपण येते. मूत्राशयाच्या अस्तरात तोच ग्राही अति चालू झाला तर गाठ वाढते. नॉचचेही तेच. लहान मुलांच्या टी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) रक्तकर्करोगात निम्म्याहून जास्त रुग्णांत नॉच-१ फाजील चालू असतो, हे २००४ मध्ये दिसले. तोंडाच्या कर्करोगात मात्र २०११ पासून मिळालेले बदल बहुधा नॉच-१ बंद पाडणारे आहेत. गाल-हिरडीच्या कर्करोगावर भारतीय गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातही हे जनुक होते.

तो कर्करोग इथे का महत्त्वाचा, हे नागपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर कळते. फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून लाकडी पट्टीवर घोटतात, पन्नीला गाठ मारतात आणि खर्रा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो. तंबाखूवर सगळ्यांचे लक्ष असते, सुपारी मात्र शुभकार्यातली म्हणून सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीतील अरेकोलीन गालाच्या अस्तराला डिवचते, तिथे टीजीएफ-बीटा जागा होतो, स्मॅड केंद्रकात जातात आणि खालच्या तंतुपेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात. जखम भरताना हेच काम काही दिवस चालून थांबते. दिवसभर गालात खर्रा असेल तर थांबायचा निरोप येतच नाही. सुपारीतले तांबे कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते. तिखट झोंबू लागते, गाल पांढुरका आणि चिवट होतो, तोंड उघडेनासे होते. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, ही साधी तपासणी घरीही करता येते. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. त्या टप्प्यावर टीजीएफ-बीटा पुन्हा बाजू बदलतो, आधी अस्तराची वाढ रोखणारा तोच पुढे गाठीला पसरायला मदत करतो.

टीजीएफ-बीटा सरसकट बंद करणारे औषध देणे सोपे नाही, कारण जखमा भरणे आणि रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणे ही कामेही त्याचीच. खर्रा सोडल्यावर पुढची वाढ रोखता येते, पण विणले गेलेले कोलॅजन सहसा मागे फिरत नाही. म्हणून दंतविभागात इंजेक्शने, प्रसंगी तंतू कापण्याची शस्त्रक्रिया आणि रोजचा व्यायाम एवढ्यावर भिस्त असते. व्यायामाचे साधन आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. त्यांची थप्पी दातांत धरायची, काही दिवसांनी मधे आणखी एक काडी सरकवायची.