सोलापूरच्या माळावर फोर्क कडक का लागतो: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

सोलापूरच्या आसपास माउंटन बाइक चालवणाऱ्याला सह्याद्रीतल्यासारखे मोठे उतार आणि उड्या क्वचितच मिळतात. इथे असतो मुरूम, सुटी खडी, उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि पावसानंतर वाळून टणक झालेली काळी माती. म्हणजे बारीक धक्के, आणि तेही सलग. पुढचं चाक धरून धक्के शोषणारा फोर्क १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा असूनही मनगटं भरून येतात. मग पहिला हात जातो तो फोर्कमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या शॉक पंपाकडे आणि हवा कमी केली जाते. खडखड तशीच राहते, वर ब्रेक दाबला की सायकल पुढून खाली बसते. आजार बहुधा हवेच्या आकड्यात नसतोच. तो फोर्कच्या रचनेतच सुरुवातीपासून आहे.

एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि त्यांना आवरणारं तेल, असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या मोटारसायकलवर आणला. मोटारसायकल जड, त्यामुळे सीलचं, म्हणजे तेल आत रोखणाऱ्या रबरी कड्यांचं घर्षण तिथे फारसं जाणवत नाही. तीच रचना बारा-पंधरा किलोच्या सायकलवर आली आणि हिशेब बदलला. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स आरएस-१ या फोर्कमध्ये हवा हीच स्प्रिंग होती आणि ट्रॅव्हल जेमतेम ४८ मिलिमीटर. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला झालेल्या माउंटन बाइकच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तोच फोर्क लावून डाउनहिल, म्हणजे उताराची शर्यत जिंकली, आणि सस्पेन्शन हवं की नको हा वाद हळूहळू मागे पडला.

पण हवेच्या स्प्रिंगची एक खोड आहे. फोर्क पूर्ण उघडा असतानाही आतला दाब पिस्टनला ढकलतच असतो. तो दाब आणि वर सीलची पकड, दोन्ही मोडल्याशिवाय पहिला मिलिमीटरसुद्धा हलत नाही. मोठा धक्का हे सहज करतो. खडीचा बारीक धक्का थेट हाताला लागतो. डग ब्रॅडबरीच्या मॅनिटू फोर्कमध्ये हवेऐवजी इलॅस्टोमरचे, म्हणजे रबरासारखे लवचिक तुकडे वापरले. ते थंडीत कडक होत आणि काही काळाने निकामी होत.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मार्झोकी कंपनीचा १९९७ चा बॉम्बर झेड१ हा फोर्क. स्टीलची स्प्रिंग, १०० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि फोर्कच्या पायांत, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्यांत भरपूर मोकळं तेल. फोर्क हलला की तेच तेल उसळून बुशिंग (नळी ज्यांतून सरकते त्या आतल्या कड्या) आणि सील ओले ठेवी. त्याचं लोण्यासारखं चालणं आजही जुने लोक आठवतात. दोष एकच, वजन. मग हलक्या फोर्कची शर्यत लागली, हवा परत आली, धक्का आवरणारं तेल कार्ट्रिज नावाच्या बंद नळकांड्यात गेलं, आणि खालच्या पायांत वंगणापुरतं उरलं. कित्येक फोर्कमध्ये एका पायात १० मिलिलिटरच्या आसपास. शिवाय २८ मिलिमीटरच्या नळ्या वाढत वाढत ३५, ३६, ३८ पर्यंत गेल्या. नळी जाड झाली की सीलचा घेर वाढतो आणि घर्षणही.

हवेच्या खोडीवर तोडगा निघाला तो निगेटिव्ह चेंबरचा: मुख्य दाबाच्या विरुद्ध बाजूने ढकलणारी हवा. आधी तिचा व्हॉल्व्ह वेगळा असे, पुढे एकाच व्हॉल्व्हमधून दोन्ही बाजू भरणारे फोर्क आले आणि नंतर हा चेंबर मोठा होत गेला. दोन्ही बाजूंची हवा एका बारीक खाचेतून समान होते. म्हणून अशा फोर्कमध्ये हवा भरताना मध्येमध्ये तो हळू दाबून सोडायचा असतो. ते राहिलं, किंवा खाचेत ग्रीस अडकलं, तर सॅग (नुसत्या चालकाच्या वजनाने फोर्क जेवढा दबतो ते माप) बरोबर दिसूनही सुरुवात कडक लागते.

आता आपल्या हवामानाचं. पहाटे २५ अंशांत भरलेला ८० पीएसआयचा फोर्क मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत ८५ च्या घरात जातो, सॅगचा आकडा तिथेच हलतो. पण त्याहून मोठा शत्रू माळावरची धूळ. ती वायपरवर, म्हणजे नळी पुसणाऱ्या बाहेरच्या सीलवर बसते, त्याखालचे फोमचे रिंग कोरडे पडतात, आणि ते थोडंसं तेल वाळूमिश्रित होतं. त्यात दुचाकी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरचा पाइप सरळ सीलवर धरला जातो, तेव्हा पाणीही आत जातं. अनेक उत्पादक खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी सांगतात. इथल्या उन्हाळ्यात त्याहून आधी उघडलेला बरा.

म्हणून तपासणी घर्षणापासून सुरू करावी. अर्थात आधी टायरची हवा बघून, कारण खडीचा पहिला धक्का टायरच घेतो. मग अ‍ॅक्सल सैल करून फोर्क दाबावा. तो एकदम मोकळा चालला, तर अ‍ॅक्सल आवळताना पाय आत खेचले जाऊन बुशिंग तिरपे घासत आहेत. तसं नसेल तर लो-स्पीड कॉम्प्रेशन (फोर्क सावकाश दबताना होणारा विरोध ठरवणारं बटण) पूर्ण उघडावं. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार मंद असेल तर सलग खडीवर फोर्क वर यायच्या आत पुढचा धक्का बसतो आणि तो खालीच दबून राहतो. रिबाउंडचं बटण एकेक क्लिक मोकळं करत जावं. सायकल रात्रभर उलटी ठेवली तर फोम पुन्हा भिजतो आणि फोर्क मोकळा चालतो, पण त्या फरकाचा अर्थ आत तेल कमी पडतंय एवढाच घ्यावा. सील, फोम, तेल सगळं नवं करूनही अडखळत असेल, तर आतल्या नळीवर उजेड पाडून बघा: लेप उडून धातू दिसत असेल, तर तेल बदलून भागत नाही, वरचा भाग नळ्यांसकट बदलावा लागतो.