शाळकरी प्रेमाच्या मांगा आल्या कुठून?

मांगामधल्या, म्हणजे जपानी चित्रकथांमधल्या, शाळकरी प्रेमाच्या हलक्याफुलक्या गोष्टी इतक्या रुळल्या आहेत, की त्या पहिल्यापासून होत्याच असं वाटतं. पण दुसऱ्या महायुद्धाआधी जपानमध्ये प्राथमिक शाळा संपली की मुलामुलींच्या वाटा वेगळ्या होत. वर्गच एक नाही, तर शेजारच्या बाकावरच्या मुलावर जीव जडणार कसा? १९४७च्या शिक्षण कायद्याने सहशिक्षणाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी तीन वर्षांची नवी हायस्कुलं सुरू झाली. माझ्या लेखी या प्रकाराचा जन्मदाखला तोच.

मांगाला मात्र हे उमगायला वेळ लागला. १९५०च्या दशकात मुलींच्या मासिकांत आईपासून ताटातूट झालेल्या लेकी आणि त्यांचे अश्रू असत. चितारणारे बहुतेक पुरुष. १९६३मध्ये ‘मार्गारेट’ साप्ताहिक निघालं. त्यात योशिको निशितानी यांनी १९६५मध्ये ‘मेरी लू’ लिहिली. नायिका साधी, वयात आलेली मुलगी, पण अमेरिकन! जपानी मुलीने प्रेमात पडणं तेव्हा बहुधा अवघड वाटत असावं. पुढच्याच वर्षी निशितानींनी ते धाडसही केलं आणि गोष्ट जपानी हायस्कुलात आणली. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलग्यांच्या साप्ताहिकांत ही हवा शिरली ती रुमिको ताकाहाशी (१९७८पासून) आणि मित्सुरू आदाची या मांगाकारांमुळे. आदाचींच्या १९८१च्या ‘टच’मध्ये बेसबॉल आणि प्रेम एकाच मैदानावर आलं.

या गोष्टी वर्षानुवर्षं चालतात त्या ‘कोकुहाकु’वर, म्हणजे प्रेमाच्या कबुलीवर. जपानमध्ये ‘तू मला आवडतेस’ हे तोंडाने म्हटल्यावरच जोडी जुळली असं मानतात. साप्ताहिकातला लेखक तो क्षण लांबवत राहतो, आणि शाळेचं वर्ष त्याला हाताशी प्रसंग पुरवतं: एप्रिलमधला नवा वर्ग, सांस्कृतिक महोत्सव, सहल, फेब्रुवारीतलं चॉकलेट, मार्चमधला निरोप.

आका आकासाका यांनी २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘कागुया-सामा’त तर हा विलंब हाच विषय आहे. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आणि उपाध्यक्षा, दोघंही विलक्षण हुशार, आणि दोघांचा हट्ट एकच: कबुली समोरच्याने आधी द्यावी. ही मांगा २०२२मध्ये २८ खंडांवर थांबली.