पेट्रोल होज आणि ट्रान्समिशन कूलर होज: एकाच्या जागी दुसरा का चालत नाही

काळं रबर, बोटाएवढी जाडी, मधे दोऱ्याची वीण. पेट्रोलचा होज, म्हणजे रबरी नळी, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलरचा होज शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. पुण्यात नाना पेठेत मी 'ऑइल कूलरचा होज द्या' म्हणून मागितला, तेव्हा समोर आला तो पेट्रोलचाच. 'पेट्रोल सोसतो, तेल का नाही सोसणार?' असं वर ऐकायलाही मिळालं.

हे बोलणं अर्धं खरं आहे, म्हणूनच फसायला होतं. पेट्रोलच्या साध्या होजचं नायट्राइल रबर ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, तेलाने विरघळत नाही की फुगत नाही. त्याला सोसत नाही ती उष्णता. पेट्रोल टाकीतून येतं ते साधारण हवेच्याच तापमानाचं. गिअरबॉक्सचं तेल मात्र टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात) सतत घुसळून निघतं आणि तापतं. ते थंड करायलाच स्टीलच्या पाइपांतून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरकडे नेतात आणि तिथून परत आणतात. या पाइपांच्या टोकांना रबराचे छोटे तुकडे असतात. रोजच्या चालवण्यात तेल ८० ते ९५ अंशांवर असतं, पण घाटात भरल्या गाडीने चढताना कन्व्हर्टरमधून कूलरकडे निघालेलं तेल १२० च्या वर सहज जातं.

साध्या पेट्रोल होजवर 'एसएई जे३०आर७' असं छापलेलं असतं; एसएई ही वाहन अभियंत्यांची मानकं ठरवणारी संस्था. त्याची मर्यादा साधारण १२५ अंश. कूलरच्या होजवर 'एसएई जे१५३२' असतं, तो १५० अंशांसाठी बनवलेला असतो. हा २५ अंशांचा फरकच सगळं ठरवतो. होज घेताना आधी ही छपाई वाचा. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो घेऊ नका, कितीही जाड दिसला तरी.

माझ्या २००५ च्या ऑटोमॅटिक कोरोलाला एका गॅरेजमध्ये पेट्रोलचा होज बसवला गेला. चार महिने एक थेंब पडला नाही. मग चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर हाताच्या पंजाएवढा लाल डाग, गिअरबॉक्सच्या तेलाचा. होज काढून हातात घेतला तर तो रबर राहिलाच नव्हता, वायरच्या कडक आवरणासारखा झाला होता. वाकवल्यावर आतल्या बाजूला केसासारख्या भेगा उघडल्या. क्लिपच्या खाली तर त्याला कायमची खाच पडली होती. क्लिप आणखी आवळून काही झालं नसतं, कारण दाबलं तर परत फुलून पाइपला घट्ट धरेल असं त्यात काही उरलंच नव्हतं. पेट्रोलचा होज पहिल्या दिवशी दगा देत नाही, म्हणून दोष पुढे क्लिपवर, पाइपवर, कधी कूलरवरही जातो.

याहून वाईट म्हणजे हीटरचा होज लावणं. त्याचं रबर पाण्यासाठी असतं. तेलात ते फुगून मऊ पडतं आणि पाइपवरून निसटतं. एकदा होज सुटला की गिअरबॉक्सचा पंप काही मिनिटांत तेल बाहेर फेकून देतो. गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळायला तेवढं पुरतं, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडलं तर आगीचीही भीती असते.

होज बरोबर आणला तरी तो कशावर चढतो ते बघावंच लागतं. मूळ पाइपच्या टोकाला गोल उंचवटा असतो. होज तो ओलांडून इंचभर आत जायला हवा आणि क्लिप उंचवट्याच्या पलीकडे बसायला हवी. कोकणातल्या खाऱ्या हवेत स्टीलची लाइन मधेच गंजते, तेव्हा गंजका भाग कापून तिथे होज जोडतात. हे करायचं असेल तर कापलेल्या दोन्ही टोकांना फ्लेअरिंग टूलने उंचवटा काढून घ्या. गुळगुळीत पाइपवर होज आज ना उद्या सरकतोच. पाइप कापायला हॅकसॉ वापरू देऊ नका, ट्यूब कटरच हवा. लोखंडाचा कीस आत गेला तर तो व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात, जाऊन अडकतो.

शक्य असेल तर मूळची स्प्रिंगची क्लिपच परत लावा. रबर गरम-गार होताना ती आपोआप दाब धरून ठेवते. स्क्रूची पट्टी लावणार असाल तर बेतानेच आवळा, नाहीतर ती रबरात रुतते.

आणि होज बदलण्याआधी लाल थेंब नक्की कुठून येतोय ते वरपर्यंत शोधा. जुन्या टोयोटात पॉवर स्टिअरिंगलाही डेक्स्रॉन जातीचं तसंच लाल तेल असतं. सगळं कोरडं पुसून, पाइपांवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की पहिला डाग कुठे पडतो ते दिसतं.

काम झाल्यावर तेलाची पातळी मॅन्युअलप्रमाणेच तपासा. टोयोटात ती गाडी तापवून, लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून, 'पी' (पार्किंग) वर इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात मात्र तापलेलं इंजिन बंद करून मिनिटा-दीड मिनिटाच्या आत. पहिला घाट चढून आल्यावर दोन्ही क्लिपांखाली एकदा कोरडं बोट फिरवून बघा.